सायकल बंद नको, रस्ता सुरक्षित हवा



'मुलांना सायकलवर शाळेत पाठवूच नका' हे पत्र वाचले. काळजी खरी आहे, पण उपाय उलटा. प्रत्येक पालक गाडी घेऊन शाळेच्या फाटकाशी आला, तर चालत येणाऱ्या मुलांनाच असलेला धोका वाढतो. आपले शहर २०२० मध्ये केंद्राच्या 'सायकल्स फॉर चेंज' उपक्रमात उतरले होते. तो उत्साह शाळांच्या गल्ल्यांपर्यंत यायला हवा होता. सुरक्षित पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. सिडकोतले पदपथ मात्र उभ्या दुचाकींनी अडलेले! महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी शाळा भरताना व सुटताना अर्धा तास तरी शाळांच्या गल्ल्या गाड्यांना बंद कराव्यात.

– एक पालक, सिडको, छत्रपती संभाजीनगर