आर्थर सीटनचे वाचक

ॲलन सिलिटोच्या 'सॅटरडे नाईट अँड संडे मॉर्निंग' या कादंबरीवर गेल्या साठ-पासष्ट वर्षांत पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. ते शेजारी-शेजारी ठेवून वाचलं की एक गोष्ट उघडी पडते. कादंबरी आर्थर सीटनची, पण तिच्यावर हिशेब प्रत्येकाने आपापला मांडलाय. त्या हिशेबांबद्दल मला बोलायचंय. गोड बोलणं हवं असेल त्यांनी पान उलटावं.

आधी माणूस कोण ते सांगतो. सिलिटो १९२८ साली नॉटिंगहॅममध्ये जन्मला. बाप निरक्षर, बऱ्याचदा बेकार. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा रॅले सायकलच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे विमानदलातून मलायात गेला, क्षय घेऊन परतला. त्या आजाराच्या पेन्शनवर मायोर्का बेटावर राहून त्याने लिहिलं. बऱ्याच प्रकाशकांनी हस्तलिखित परत धाडलं. १९५८ साली पुस्तक निघालं आणि पुढे लाखांनी खपलं.

१९५७ साली पंतप्रधान मॅकमिलन सांगत होते, की देशातल्या बहुतेक लोकांना इतके चांगले दिवस कधी आलेच नव्हते. त्या चांगल्या दिवसांचा भाव आर्थरला ठाऊक आहे. लेथवर उभं राहायचं, शेकड्याला साडेचार शिलिंग, दिवसाला १४०० नग. आठवड्याला हाती पडतात १४ पौंड. पण फार झपाट्याने नग काढले तर रेट ठरवणारा येऊन उभा राहणार आणि रेट कापणार. म्हणून गडी सकाळी हात मारून घेतो आणि दुपारी रेंगाळतो. ज्याने पीसरेटवर काम केलंय त्याला ही अक्कल कुणी शिकवावी लागत नाही. युद्धानंतरच्या इंग्लंडचं सगळं अर्थशास्त्र या दोन-चार पानांत आहे, राव!

आणि वाचकांनी काय वाचलं?

पहिली जात 'अस्सल'वाल्यांची. काय जिवंत! काय रांगडं! काय अस्सल! अरे, अस्सल म्हणजे काय तूप आहे का बोट बुडवून चाखायला? कामगाराने लिहिलं की ते आपोआप घामासारखं बाहेर येतं, असा यांचा समज. शनिवारची रात्र पुस्तकाचा मोठा वाटा खाते आणि रविवारची सकाळ जेमतेम उरते. कामगाराच्या आयुष्यात बेहोशीला किती जागा आणि शुद्धीला किती, हे त्या मापातच सांगितलंय. हे काय आपोआप झालं? ते लेखकाने केलं. पण कामगाराला 'लेखक' म्हणायला यांची जीभ अडखळते. 'अँग्री यंग मॅन' म्हणायला मात्र अडखळली नाही. ते लेबल सिलिटोला स्वतःला आवडत नव्हतं, पण विचारतो कोण?

हे ऐकल्यासारखं वाटतंय ना? वाटणारच. आपल्याकडे दलित साहित्य आलं तेव्हा हीच टेप वाजली होती. अनुभव जळजळीत आहे हो, पण कलेचं काय? तिकडच्या रागाला वर्गात व्याख्यानं आणि इकडच्या रागाला 'आक्रस्ताळेपणा'! लंडनहून आलेला राग यांना पचतो. तो घराशेजारच्या वस्तीतून आला की पोटात दुखतं.

दुसरी जात सोवळ्यांची. १९६० साली कारेल राईसने सिनेमा काढला. आर्थर झाला अल्बर्ट फिनी, पटकथा सिलिटोचीच. कादंबरीत ब्रेंडा, दुसऱ्याची बायको, आर्थरपासून गरोदर राहते आणि कढत पाणी व जिन यांच्या जोरावर पोट पाडते. सेन्सॉरच्या दडपणाखाली सिनेमात तो प्रयत्न फसवावा लागला. तरीही वर 'एक्स' शिक्का बसलाच. इंग्लंडात गर्भपाताचा कायदा झाला १९६७ साली. त्याआधी पैसेवालीला डॉक्टर मिळायचा आणि कामगाराच्या बायकोला कढत टब. सोवळे आर्थरच्या नीतीवर बोलले. टबावर कोण बोललं?

तिसरी जात कॉम्रेडांची. आर्थर मोर्चा काढत नाही, संघटना बांधत नाही, दारू पितो, मासे मारतो. हा कसला वर्गजाणिवेचा नायक? मी म्हणतो, कामगाराला तुमच्या पोस्टरवर चढण्यापूर्वी जगायची परवानगी आहे की नाही? तो फोरमनला ओळखून आहे, सरकारला ओळखून आहे, लष्कराला ओळखून आहे. कुणाचाच शब्द तो खरा मानत नाही. एवढी जाणीव कमी आहे?

बायकांनी घेतलेला आक्षेप मात्र मला पटतो. ब्रेंडा, तिची बहीण विनी, पुढे डोरीन, या सगळ्या आर्थरच्या नजरेतूनच दिसतात. लेथवर पिळला जाणारा पुरुष घरात कुणाला पिळतो, हे विचारायलाच हवं. आपल्या लिखाणालाही विचारायला हवं.

आणि आता सॅम. कादंबरीत नाताळला गोल्ड कोस्टचा एक काळा सैनिक पाहुणा म्हणून येतो. त्याला खाऊ-पिऊ घालतात आणि त्याची टिंगलही करतात. बहुतेक वाचक हे प्रकरण भराभर उलटतात. पण तारखा बघा. १९५८ च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमच्या सेंट ॲन्स भागात काळ्यांविरुद्ध दंगल उसळली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हे पुस्तक दुकानात आलं. ज्या रॅलेवरून आर्थरचा कारखाना बेतलाय, तिथे काम मिळावं म्हणून काळ्या माणसांना झगडावं लागलं होतं.

इथे वर्ग संपतो आणि दुसरं काहीतरी सुरू होतं. आर्थर शनिवारी डांगरी उतरवतो, अंग धुतो, झकपक सूट चढवतो आणि पबमध्ये कुणाच्याही मांडीला मांडी लावून बसतो. ऑइलचा वास धुतला जातो. सॅमने काय धुवायचं? ते आम्हाला विचारा. आमच्यातल्या किती जणांनी सूट चढवले, तरी समोरचा आडनाव विचारतोच. म्हणून 'त्यांचा वर्ग म्हणजेच आपली जात' असं म्हणणाऱ्यांना मी सरळ सांगतो : नाही. आर्थर आमचा भाऊ आहे, पण आमची खोली त्याच्याही खाली आहे. आणि सॅम तिथे आधीच बसलेला आहे.

नॉटिंगहॅममधलं रॅलेचं सायकल-उत्पादन २००२ साली थांबलं. त्या कारखान्याच्या जागेवर आज विद्यापीठाचा परिसर उभा आहे. मशिनी गेल्या, वर्ग आले, सिलिटोही २०१० साली गेला. आता आर्थर म्हणजे अभ्यासाचा विषय. करा अभ्यास. पण 'अस्सल' म्हणून पाठ थोपटायला हात उचलाल, तेव्हा एक हिशेब आधी करा : शेकड्याला साडेचार शिलिंग, दिवसाला १४०० नग. आणि तो रेट कापायला जो येतो, तो तुमच्या नात्यातला कोण लागतो?