डोंगरालाही मुक्काम हवेत

आषाढी वारीच्या दिवसांत शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी हिंगोली जिल्ह्यातून पुढे पंढरपूरकडे जाते. तिचे मुक्काम ठरलेले असतात. आज किती चालायचे, दुपारी कुठे टेकायचे, रात्री कोणत्या गावी थांबायचे, हे आधीच पक्के असते. साठीचे, सत्तरीचे वारकरी एवढी लांबची वाट पार करतात त्यामागे श्रद्धा आहेच. पण रोजच्या टप्प्याचे आणि रात्रीच्या मुक्कामाचे शहाणपणही आहे. याच जिल्ह्यातली कुटुंबे बर्फ बघायला डोंगरावर निघतात तेव्हा मात्र हे शहाणपण घरीच राहते.

आणि निघणाऱ्यांची संख्या वाढते आहे. हळदीच्या व्यापारात बरे चाललेले वसमतचे कुटुंब असो, निवृत्त शिक्षक जोडपे असो किंवा पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलाने आईवडिलांसाठी काढलेली सहल असो. मनाली आणि काश्मीर आता नवलाचे राहिलेले नाही. काही जण थेट स्वित्झर्लंडला जातात. शिवाय औंढा नागनाथच्या पायरीवर लहानपणापासून डोके टेकवलेल्या माणसाला बाराही ज्योतिर्लिंगे करायची असतात, आणि त्यांत ३,५८३ मीटर उंचीवरचे केदारनाथ येते. हिंगोली समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. म्हणजे कारण देवाचे असो वा सुट्टीचे, शरीराला तीन हजार मीटर चढायचे असतात. प्रश्न एवढाच की ते किती वेळात.

उंचीवर ‘ऑक्सिजन कमी होतो’ असे म्हटले जाते. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश उरतो. त्यामुळे एका श्वासात फुप्फुसांत जाणारा ऑक्सिजनही तितकाच उरतो. शरीर यावर लगेच दोन उपाय करते: श्वास जलद होतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. बाकीची जुळवाजुळव सावकाश चालते. मूत्रपिंडांना रक्ताचा आम्ल-अल्क तोल नव्याने बसवायला काही दिवस लागतात, तर नव्या तांबड्या पेशी भरपूर तयार व्हायला काही आठवडे. रोपवे, रेल्वे आणि हेलिकॉप्टर यांतले काहीच पाहत नाहीत. ते माणसाला वर पोचवतात, शरीर मागून येत राहते.

स्वित्झर्लंडच्या सहलीत हमखास असणारे युंगफ्राऊयोख हे याचे चांगले उदाहरण आहे. ३,४५४ मीटरवरचे हे रेल्वे स्थानक १९१२ मध्ये सुरू झाले. डोंगराच्या पोटातून खोदलेला तो लोहमार्ग अभियांत्रिकीचा चमत्कारच आहे, आणि वर्षाला दहा लाखांच्या आसपास माणसे तिथे जातात. सहलीचा मुक्काम बहुधा इंटरलाकेन परिसरात, म्हणजे सहाशे मीटरच्या आतबाहेर असतो. सकाळी नाश्ता करून निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाआधी पावणेतीन हजार मीटरहून अधिक चढलेले असते.

इथे दोन वेगळ्या धोक्यांची गल्लत होऊ नये. पहिला धोका तासा-दोन तासांच्या भेटीतला. उंचीचा खरा आजार, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गळून जाणे, चक्कर, झोप न लागणे, हा सहसा काही तासांनी सुरू होतो. फोटो काढून खाली उतरणारा धडधाकट माणूस म्हणून बहुतेक वेळा त्यातून सुटतो. पण ज्याच्या हृदयाची रक्तवाहिनी आधीच अरुंद आहे, ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही किंवा ज्याची नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्याच्या हृदयावर पहिल्या तासातच ताण येतो. वर थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब आणखी चढतो. दुसरा धोका रात्रीच्या मुक्कामाचा. अडीच हजार मीटरच्या वर थेट जाऊन झोपले, की उंचीचा आजार धडधाकट तरुणालाही होतो. तो दुर्लक्षित राहिला तर क्वचित फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठते, आणि मग जिवावर बेतते. अशा वेळी ऑक्सिजन आणि औषधे मदत करतात, पण हुकमी उपाय एकच: खाली उतरणे.

म्हणून गिर्यारोहणाच्या वैद्यकशास्त्राचा नियम झोपण्याच्या उंचीचा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती हवी. दिवसा थोडे वर जावे, रात्री खाली येऊन झोपावे. वारीच्या मुक्कामांसारखाच हा हिशेब आहे.

आता सुट्टीचा मुद्दा. मराठी कुटुंबाची मोठी सहल निघते ती मे महिन्यात, शाळा सुटल्यावर. हिंगोलीत तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्यामुळे बर्फाची ओढ स्वाभाविकच आहे. पण मे महिन्यात बर्फ खालच्या गावांतून वितळलेला असतो. तो पाहायचा तर त्याच्या मागोमाग वर जावे लागते. मनालीला उतरलेले कुटुंब म्हणून जवळपास चार हजार मीटरच्या रोहतांग खिंडीकडे निघते, आणि इंटरलाकेनला उतरलेले युंगफ्राऊयोखकडे. बर्फ हवा असतो मुलांना, पण त्यासाठी आजी-आजोबांनाही त्या उंचीवर नेले जाते. पृथ्वी तापत आहे तशी हिमरेषाही वर सरकते आहे. म्हणजे उन्हाळ्यातला बर्फ यापुढे आणखी उंच आणि आणखी दूर जाणार.

हिवाळ्यात हे चित्र उलटे होते. बर्फच खाली, गावात येतो. आल्प्समधले वेंगेन हे गाव त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. उंची सुमारे १,२७० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास. खालच्या लाउटरब्रुनेन गावाहून तिथे दात्यांच्या चाकांची रेल्वे जाते. बाहेरून मोटारीने येता येत नाही. त्यामुळे रस्त्यावर धूर नाही, हॉर्न नाही, लहान मूल हात सोडून पळाले तरी काळजाचा ठोका चुकत नाही. नवशिक्या मुलांचा स्कीइंगचा उतार गावाच्या मधोमध आहे. नातू तिथे धडपडत शिकत असताना आजी शंभर पावलांवर बाकावर बसून ते पाहू शकते. तिला त्यासाठी साडेतीन हजार मीटर चढावे लागत नाही. १,२७० मीटरवर निरोगी माणसाला उंचीचा त्रास सहसा होत नाही. वर जायचेच झाले तर जाऊन संध्याकाळी खाली झोपायला येता येते.

स्कीइंग म्हणजे श्रीमंतांचा धाडसी खेळ, असा आपल्याकडे समज आहे. खर्चाचे ते खरे आहे. धाडसाचे मात्र पूर्ण खरे नाही. शिकवण्याची रीत मुलांच्या कलाने बेतलेली असते. सरकत्या पट्ट्यावरून थोडे वर जायचे, स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार करायचा, की वेग कमी होतो. आधी थांबायला शिकायचे, मग घसरायला. स्वित्झर्लंडमध्ये उतारांना अवघडपणाप्रमाणे निळा, लाल आणि काळा असे रंग दिलेले असतात. नवख्याने निळ्यावरच राहावे. या खेळात सर्वाधिक जपायचे ते गुडघ्याला. डोक्याला हेल्मेट असावे आणि पडल्यावर बूट सुटावा अशी स्कीवरची पकड वजनाप्रमाणे लावून घ्यावी. सपाट मुलखातल्या माणसाने निघण्याआधी सहा-आठ आठवडे उठाबशा काढाव्यात, जिने चढावेत. थकलेल्या मांड्या गुडघ्याला सावरत नाहीत. म्हणून ‘आणखी एकदाच’ हा मोह टाळणे हीही एक सुरक्षितताच आहे. स्वित्झर्लंड परवडत नसेल तर उत्तराखंडातले औली आणि काश्मीरमधले गुलमर्ग आहेच. पण ही दोन्ही ठिकाणे अडीच हजार मीटरच्या आसपास आहेत, आणि गुलमर्गचा रोपवे चार हजार मीटरच्या जवळ नेतो. म्हणजे खर्च कमी, उंची मात्र जास्त. वाटेत श्रीनगर किंवा जोशीमठला एक-दोन रात्री काढण्याचे महत्त्व तिथे उलट वाढते.

जाण्याआधी तपासणी कुणी करावी? पन्नाशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, हृदयविकार, दमा किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर नक्कीच. पण घरातल्या इतर बाईचे हिमोग्लोबिन बहुधा कुणी विचारतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताक्षय आढळला. रक्तात ऑक्सिजन वाहून नेते ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल आणि हवेचा दाबही कमी झाला, तर शरीराची दोन्ही बाजूंनी कोंडी होते. वर गेल्यावर ‘आईला दम लागला, वय झाले’ असे म्हणून सोडून दिले जाते ते अनेकदा वय नसते, रक्ताक्षय असतो. सिकलसेलच्या रुग्णांना तर उंची घातक ठरू शकते. घरात हा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. उंचीच्या आजारावर घ्यायची गोळी मिळते, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी ती धोक्याची असू शकते. ओळखीच्याने दिली म्हणून घ्यायची ती नव्हे. इन्सुलिन गोठले तर निकामी होते, म्हणून ते बॅगेत न ठेवता अंगाजवळच्या खिशात ठेवावे.

डोळ्यांचेही तसेच. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. ऊन वरून आणि खालूनही लागते. काळा चष्मा तिथे फोटोपुरता नसतो. तो नसेल तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी लागते आणि पाणी येत राहते. मुलांच्या डोळ्यांवर तो आधी चढवावा.

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. लाखो लोक जातात, सुखरूप येतात, मग एवढी काळजी कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. भीती घालून कुणाला घरी बसवण्यात काही शहाणपण नाही. डोंगरातली शांतता, चालणे, घरातल्या तीन पिढ्यांचा एकत्र वेळ याचे आरोग्याला मोल आहे. पण सुखरूप परतणाऱ्यांच्या मोठ्या आकड्यात, ज्याच्यावर वेळ आली त्या घराचे दुःख मावत नाही. आणि इथला बराचसा धोका सहलीचा कार्यक्रम बदलून टाळता येण्यासारखा आहे.

तो बदल मागायचा कुणाकडे? सहल कंपन्यांच्या पत्रकांत हॉटेलचे तारे, जेवण जैन मिळेल का, आंबरस असेल का, हे सगळे छापलेले असते. रात्री झोपणार त्या गावाची उंची आणि दिवसभरातली सर्वाधिक उंची मात्र शोधूनही सापडत नाही. दोन आकडे छापायला खर्च येत नाही. ग्राहकाने ते विचारायला सुरुवात केली की कंपन्या छापतील. केदारनाथच्या यात्रेबाबत उत्तराखंड सरकार तपासणी करून, वाटेत थांबत या, असे सांगतेच. तरीही हेलिकॉप्टरने काही मिनिटांत वर आणि लगेच दर्शनाच्या रांगेत, अशी आखणी सर्रास होते. गावातल्या डॉक्टरांनीही प्रवासाचे प्रमाणपत्र लिहिताना ‘कुठे चाललात’ याबरोबर ‘कुठे झोपणार’ हे विचारावे. परदेशी जाणाऱ्यांनी विम्याचे कागद नीट वाचावेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण स्कीइंगची दुखापत त्यात धरली आहे की नाही, हे निघण्याआधी तपासलेले बरे.

नर्सीचे संत नामदेव पंजाबपर्यंत गेले. त्या काळी पायाच्या वेगापेक्षा फार अधिक वेग नव्हता. आज तो वेग कुणी मागत नाही, मागूही नये. पण चार दिवसांत सात ठिकाणे करण्याऐवजी चार रात्री एकाच शांत गावात काढल्या, तर मुलांना बर्फ मिळेल, आजोबांना झोप मिळेल आणि सगळ्यांना एकमेकांचा सहवास. शिखर न बघता परतले म्हणून सहल वाया जात नाही. सगळे धडधाकट घरी परतले, की ती पूर्ण झाली.