संगणकाची किल्ली कोणाच्या हातीं असावी?

घर मोठें असो कीं लहान, त्यांत कांहीं दारें सर्वांस उघडीं असतात व कांहींची किल्ली एकाच्याच कमरेला असते. माठांतलें पाणी घेण्यास लेंकरानें कोणाची परवानगी मागावी असें कोणी म्हणत नाहीं. परंतु बियाण्याची कणगी उघडावयाची झाल्यास घरांतील जाणत्या माणसास विचारावें लागतें. ही व्यवस्था अविश्वासाची नव्हे, शहाणपणाची होय. शाळेच्या संगणकखोलींतही अशीच एक किल्ली असते. ती कोणाच्या हातीं असावी, याविषयीं आम्ही आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलूं इच्छितों. विषय वरवर पाहतां यंत्राचा दिसेल. परंतु विचाराअंतीं तो अधिकाराचा व जबाबदारीचा आहे, हें वाचकांच्या ध्यानीं येईल.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. विंडोज ११ यंत्राकडून ज्या सोयींची अपेक्षा करते त्या जुन्या संगणकांत पुष्कळदां नसतात. आणि आमच्या बीड जिल्ह्यांतील शाळांस वरचेवर नवीं यंत्रें घेणें परवडण्याजोगें नाहीं. अशा वेळीं जुन्या यंत्रावर विंडोज तशीच ठेवून तिच्या शेजारीं लिनक्स बसविणें हा एक चांगला मार्ग आहे. एका वाड्यांत दोन बिऱ्हाडें नांदावींत, त्याप्रमाणें एका डिस्कवर दोन प्रणाली नांदतात, व यंत्र सुरू करतांना आज कोणाकडे जावयाचें तें आपण निवडतों. हा मार्ग आडवाटेचाही नव्हे. केरळ राज्यांतील सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून मुक्त प्रणालीवर शिकवीत आल्या आहेत. आपल्या देशांतील सी-डॅक या संस्थेनें २००७ सालीं 'बॉस' नांवाची लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. आणि मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमांत लिनक्सचे पाठ मराठींतूनही ऐकावयास मिळतात.

आतां अडचण कोठें येते तें सांगतों. एखादी मुलगी सोमवारीं विंडोजमध्यें निबंध लिहिते व तो 'डी' ड्राइव्हवर ठेवते. मंगळवारीं तिच्या वाट्यास आलेलें तेंच यंत्र लिनक्समध्यें चालू असतें. ती त्या ड्राइव्हवर बोट दाबते, तों यंत्र व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतें. निबंध तिचा, यंत्र तेंच, परंतु दार बंद! नवल असें कीं, तिनें खिशांतील पेनड्राइव्ह लावला तर तो मात्र विनातक्रार उघडतो.

हा यंत्राचा लहरीपणा नव्हे. लिनक्सचें घराणें १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं आरंभिलेल्या युनिक्स प्रणालीपर्यंत पोहोंचतें. त्या काळीं एकाच महागड्या यंत्रावर अनेक माणसें काम करीत. एखादी डिस्क यंत्राच्या फाईलवृक्षास जोडणें, ज्यास 'माउंट' करणें म्हणतात, तें त्या सर्वांवर परिणाम करणारें कृत्य असे. म्हणून तो अधिकार 'रूट' नांवाच्या एका व्यवस्थापकाकडेच ठेवण्यांत आला. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचा आरंभ केला, तेव्हां हीच शिस्त पुढें चालू राहिली. पेनड्राइव्ह यंत्रासमोर बसलेल्या माणसानें स्वतः आणलेला असतो, म्हणून आजच्या लिनक्सांत त्यास मोकळीक असते. आंतील डिस्क मात्र सर्वांची सामाईक, म्हणून तेथें विचारणा होते. यामागें विवेक आहे.

तथापि विवेकाचें कुलूपही गैरसोयीचें होऊं शकतें, आणि मग लोक दोन चुकीच्या मार्गांपैकीं एक धरतात. पहिला मार्ग आळसाचा: व्यवस्थापकाचा पासवर्ड फळ्यावर लिहून टाकणें. आठ दिवसांत तो साऱ्या शाळेस पाठ होतो. ज्या पासवर्डनें ड्राइव्ह उघडतो त्याच पासवर्डनें प्रणालीही पुसतां येते. निबंध वाचण्यासाठीं मुलाच्या हातीं साऱ्या घराच्या किल्ल्या देण्यासारखेंच तें झालें. दुसरा मार्ग भीतीचा: "पोरें यंत्र बिघडवितात," असें म्हणून दार कायमचें बंद ठेवणें. हा दुसरा मार्ग आम्हांस पहिल्याहूनही अधिक घातक वाटतो, कारण त्याचें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील कितीतरी मुलांचे आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीस जातात, व मुलें आजीजवळ किंवा वसतिगृहांत राहतात. त्यांतील अनेकांस शाळेचा संगणक हाच एकमेव संगणक. त्यांचें काम आज सांपडलें नाहीं, तर घरीं जाऊन तें पुन्हां करण्याची सोय त्यांस नाहीं.

योग्य मार्ग या दोहोंच्या मध्यें आहे. व्यवस्थापकानें एकदांच बसून विचार करावा, अधिकार मोजावा आणि मोजलेला तेवढा देऊन टाकावा. म्हणजे विद्यार्थ्यास रोज हात पसरावा लागत नाहीं. लिनक्समध्यें 'एफएसटॅब' नांवाची एक साधी फाईल आहे. कोणतें पार्टिशन, कोणत्या ठिकाणीं, कोणत्या अटींवर जोडावें, याचा तो करारनामाच होय. विंडोजचे ड्राइव्ह बहुधा 'एनटीएफएस' पद्धतीचे असतात. अटींमध्यें 'यूजर' हा शब्द लिहिल्यास साध्या वापरकर्त्यास ड्राइव्ह जोडण्याची मुभा मिळते, व ज्यानें जोडला त्यालाच तो सोडवितां येतो. 'यूजर्स' लिहिल्यास कोणीही सोडवूं शकतो. परंतु एनटीएफएसच्या बाबतींत केवळ एवढा शब्द पुष्कळदां पुरा पडत नाहीं. म्हणून आमच्या मतें शाळेनें कामाचा ड्राइव्ह यंत्र सुरू होतांनाच आपोआप जोडला जाईल असें करावें, व तो कोणी कितपत वापरावा हें मात्र नीट ठरवून द्यावें.

हें ठरविण्याचें गणित सोपें व मनोरंजक आहे. वाचण्याच्या अधिकारास ४, लिहिण्याच्या अधिकारास २ व फाईल प्रोग्रॅम म्हणून चालविण्याच्या अधिकारास १ असे अंक आहेत. 'मास्क' म्हणजे या अधिकारांतून काय वजा करावयाचें तें. त्यांत तीन अंक असतात: पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. सर्व मुलांचा एक 'विद्यार्थी' गट करून ड्राइव्ह त्या गटाच्या नांवें जोडला, आणि फोल्डरांस ००७ व फाईलींस ११७ असा मास्क दिला, म्हणजे काय होतें? फोल्डरांत मालकाचें व गटाचें कांहींच वजा होत नाहीं, परक्यांचे मात्र ७, म्हणजे सर्वच अधिकार जातात. फाईलींतून मालकाचा व गटाचा चालविण्याचा १ तेवढा जातो. वाचणें व लिहिणें उरतें. निबंध उघडतो, सुधारतां येतो, आणि कोणी आणलेला अनोळखी प्रोग्रॅम तेथून सहजासहजीं चालत नाहीं. शिक्षकांनीं हें गणित वर्गांत अवश्य सोडवून घ्यावें. वजाबाकीचा इतका उपयुक्त धडा दुसरा सांपडणें कठीण.

विंडोज स्वतः ज्या पार्टिशनवर राहते तें मात्र मुलांसाठीं जोडूंच नये. विंडोजनें आपल्या घरांत घातलेल्या भिंती लिनक्समधून सामान्यतः पाळल्या जात नाहींत; एकाचें खासगी दुसऱ्यास दिसूं शकतें, आणि एखादी महत्त्वाची फाईल पुसली गेली तर ते बिऱ्हाडच मोडतें. कामाचें पार्टिशन वेगळें व प्रणालीचें वेगळें, हाच यांतील पाया होय.

दोन सूचना व्यवस्थापकांसाठीं. विंडोज ८ पासून विंडोजमध्यें 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आली. तीमुळें 'शट डाउन' केलेली विंडोज खरोखर मिटत नाहीं, अर्धवट निजते. आणि निजलेल्याच्या हातांतील वहींत लिहूं नये म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता उघडतो, किंवा उघडतच नाहीं. तेव्हां ही सोय बंद ठेवावी. दुसरें, आमच्याकडे वीज सांगून जात नाहीं. अकस्मात् बंद पडलेला ड्राइव्ह पुढच्या वेळीं जोडला न गेल्यास यंत्र सुरू होण्यासच अडून बसतें. करारनाम्यांत 'नोफेल' हा शब्द घातला असतां तें अडत नाहीं. मग विंडोजमध्यें जाऊन डिस्क तपासून घ्यावी. एफएसटॅब बदलण्यापूर्वीं तिची एक प्रत बाजूस ठेवावी, हें सांगावयास नकोच.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सर्व मुलांस एकाच गटाचा अधिकार दिला, तर एक मूल दुसऱ्याचा निबंध पुसूं शकेल. होय, शकेल. या पद्धतीनें जोडलेल्या ड्राइव्हवर सर्व फाईलींचा मालक एकच मानला जातो. अमुक फाईल अमक्याची, हा भेद तेथें राहत नाहीं. म्हणून सामाईक ड्राइव्ह हा देवघेवीचा फळा समजावा, तिजोरी समजूं नये. प्रत्येकाचें जपून ठेवावयाचें काम लिनक्समधील त्याच्या स्वतःच्या खात्यांत असावें, व त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर असावी. परंतु आक्षेप रास्त असला तरी त्यावरून दार बंद करणें रास्त ठरत नाहीं. दुसऱ्याची वही समोर उघडी असतां तिच्यावर शाई न सांडणें, हें शिक्षणच नव्हे काय? तें कुलपानें येत नाहीं, संवयीनें येतें.

पालकांसही विनंति आहे. घरीं जुना लॅपटॉप घेतला असेल, तर मुलास व्यवस्थापकाचें खातें देऊं नका व लॅपटॉप कपाटांतही ठेवूं नका. त्याचें स्वतःचें साधें खातें काढून द्या, त्याच्या कामाचा ड्राइव्ह त्यास उघडा ठेवा, आणि मूल जबाबदारीनें वागतें असें दिसलें म्हणजे अधिकार थोडा थोडा वाढवा.

बीड शहराजवळची खजाना विहीर आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकांत, ती बांधली गेली व तिचें पाणी भुयारी मार्गानें शेतांकडे नेण्यांत आलें. शेतकऱ्यास विहिरींत उतरावें लागलें नाहीं, आणि त्याचें शेतही कोरडें ठेवलें गेलें नाहीं. पाणी त्याच्या बांधापर्यंत पोहोंचविलें गेलें. उत्तम कारभार तो हाच. प्रभु येशूच्या रुपयांच्या दृष्टांतांतील धन्यानेंही आपल्या चाकरांस सारखीच रक्कम दिली नाहीं. ज्याची त्याची योग्यता पाहून दिली. परंतु रिकाम्या हातीं त्यानें कोणासही ठेवलें नाहीं, आणि मिळालेलें जमिनींत पुरून ठेवणाऱ्याची त्यानें गय केली नाहीं.

ज्यांच्या हातीं किल्ली आहे त्यांनीं एवढें ध्यानीं ठेवावें: किल्ली जवळ ठेवणें हा मान नव्हे, तें कर्तव्य आहे, आणि दार कोणासाठीं, कितपत व केव्हां उघडावें याचा विचार आधींच करून ठेवणें, हा त्या कर्तव्याचा मोठा भाग आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस जेवढें दार उघडलें आहे तेवढ्यांतून सरळ जा. उद्यां किल्ली तुमच्याच हातीं यावयाची आहे.