मका उसाच्या वाटेने जात नाही

लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. तेव्हापासून अहिल्यानगर जिल्ह्याला उसाचं गाळप तोंडपाठ आहे. गव्हाणीत मोळी पडली, की चाकू, श्रेडर, मग तीन-तीन रोलरांच्या मिल. काही बिनसलं, तर जुना फिटर नुसत्या आवाजावरून ओळखतो.

आता दारात मका आलाय. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि डिस्टिलऱ्यांची पंचाईत झाली. मार्च २०२५मध्ये केंद्रानेच सहकारी कारखान्यांना मका आणि खराब धान्यावरही चालणाऱ्या प्रकल्पांसाठी व्याजसवलत जाहीर केली. सवलत आली की निविदा निघतात, आणि घाई इथेच नडते.

उसातून रस पिळायचा असतो; मक्याचा दाणा फोडून आतलं स्टार्च उघडं करायचं असतं. त्यासाठी लागते हॅमर मिल: फिरते हातोडे आणि भोवती जाळी. जाळी मोठ्या भोकांची घेतली, तर भरड पडते, स्टार्च नीट शिजत नाही आणि टनाला मिळणारं सुमारे ३८० लिटर इथेनॉल कागदावरच राहतं. फार बारीक दळलं, तर वीज जास्त जाते, पाण्यात गुठळ्या होतात आणि पुढे चोथा वेगळा करताना डोकेदुखी.

माहितीपत्रकातला मका मात्र नेहमी कोरडा आणि स्वच्छ असतो! पावसात सापडलेल्या खरीप मक्यात ओलावा १४ टक्क्यांच्या बराच वर असू शकतो. असा माल जाळीला चिकटतो आणि ताशी टनांचा आकडा घसरतो. पोत्यातून खडे येतात, तारेचे तुकडे येतात. लोखंड हातोड्यावर आदळून ठिणगी उडाली आणि हवेत पिठाची धूळ असली, तर स्फोट होऊ शकतो. उसाच्या ओल्या मिलवर ही धास्ती नव्हती. म्हणून लोहचुंबक, खडे काढणारी चाळण आणि धूळ ओढणारी यंत्रणा या गोष्टी ‘नंतर बघू’च्या यादीत टाकणं धोक्याचं आहे.

संचालक मंडळांनी आधी आपल्याच बाजारातला मका, त्यातही सगळ्यात वाईट, पुरवठादाराच्या यंत्रावर दळून घ्यावा. पिठाची चाळणी-तपासणी राहुरीच्या कृषी विद्यापीठासारख्या त्रयस्थाकडून करून घेता येईल. ताशी टन, टनामागे युनिट आणि हातोडे किती तासांनी बदलावे लागतील, हे तिन्ही आकडे त्याच मक्यावर लेखी घ्यावेत. ते जुळेपर्यंत शेवटचा हप्ता रोखण्याची अट निविदेतच हवी.