त्याच्या आधीची गाणी

परवा निघोजेला मैत्रिणीकडे गेले होते. ती तिथल्याच एका कंपनीत क्वालिटीला आहे. (मोशीच्या पुढचं ट्रॅफिक म्हणजे दोन अख्खे अल्बम ऐकून होतात, बाय द वे!) चार महिन्यांपूर्वी तिने तीन वर्षांचं रिलेशन तोडलं. तोडलं काय, सुटली बिचारी. कपडे कुठले घालायचे, कोणाशी बोलायचं, सगळं तो ठरवणार. गाडीत गाणीसुद्धा कायम त्याचीच. हिने सोबत गुणगुणलं तर म्हणायचा, "तू नको गाऊस, आवाज फाटतो तुझा."

चहा घेताना ती म्हणाली, "अगं, नंबर ब्लॉक केला, फोटो उडवले. तरी एक दिवस वेगळ्याच नंबरवरून मेसेज. रात्री दोनला रडकी गाणी ऐकतेस ना? येशील परत."

मी उडालेच. ह्याला कसं कळलं? तर म्युझिक अ‍ॅपवर साहेब अजून हिचे फॉलोअर! ही काय ऐकतेय ते लॅपटॉपवर आयतं दिसत होतं.

म्हणजे ब्रेकअपनंतर काय ऐकायचं हा प्रश्न नंतरचा, आधी आपल्यासोबत कोण ऐकतंय ते बघा. पासवर्ड बदला, त्याला तिथेही ब्लॉक करा, दोघांची कॉमन प्लेलिस्ट सोडा. आणि धमक्या येत असतील तर गाणी राहू देत, ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ लावा.

ते झाल्यावर तिने 'कॉन्फिडन्स' टाइप रेडीमेड प्लेलिस्ट लावली. त्यात ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' असणारच. गाणं सॉलिड आहे, प्रश्नच नाही. १९७८ मध्ये बाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, पाठीला ब्रेस लावून त्यांनी ते रेकॉर्ड केलं. कंपनीने ते रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, डीजेंनी उलटवून वाजवलं आणि हिट झालं. पण आठवड्याभरात माझी मैत्रीण वैतागली. "सगळी गाणी त्यालाच सांगतायत गं. मी सुटले, मी जिंकले, बघ! म्हणजे अजून मी त्याच्याशीच बोलतेय."

मला हे एकदम पटलं. आशा भोसलेंचंच बघा ना. सोळाव्या वर्षी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न, आणि १९६० मध्ये ते मोडून मुलांना घेऊन माहेरी परत. त्यानंतर त्यांनी काय गायलं? १९६६ च्या 'तीसरी मंझिल'मधली ती धमाल गाणी! त्यात कुठे 'मी खंबीर आहे' वगैरे नाही. खंबीरपणा आवाजात आहे, शब्दांत शोधू नका. आणि १९८७ च्या 'इजाजत'मधलं, मागे राहिलेलं सामान परत मागणारं त्यांचं गाणं, ज्याला नॅशनल अवॉर्ड मिळालं, ते मात्र पहिले सहा महिने लावू नका. फार सुंदर आहे, म्हणूनच.

तर हिने काय केलं? तो भेटायच्या आधीची गाणी शोधून काढली. कॉलेजच्या गॅदरिंगची, पप्पांच्या कॅसेटमधली, गणपतीत नाचलेली. आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, २०१७ पासून 'पारी'च्या वेबसाइटवर त्या ऐकायलाही मिळतात. नवऱ्याचा, सासूचा जाच बायका पहाटे जात्यावरच बोलून घ्यायच्या. घरघरीत कोणाला ऐकू जाणार?

"माझी पहाटेची कंपनीची बस तशीच आहे," ती हसून म्हणाली. "इंजिन इतकं वाजतं!"

काल सकाळी सहाला तिची व्हॉइस नोट आली. इंजिनचा आवाज, मध्येच हॉर्न, आणि ही गातेय. आवाज थोडा फाटतो, खरंच. अख्खं गाणं म्हटलंय पण.