थायरॉईडची शस्त्रक्रिया : घरी परतल्यावरचा पहिला आठवडा



मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या कुटुंबाने वडीलधाऱ्यांच्या गळ्यातील गाठीवर शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले, की घरातील सारी चर्चा एका दिवसाभोवती फिरू लागते. अकोल्याला जावे की यवतमाळला, अमरावती बरी की थेट नागपूर गाठावे, सोबत कोण राहील, सोयाबीन निघाल्यावर जावे की तूर घरात येईपर्यंत थांबावे. शस्त्रक्रियेचा दिवस महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. परंतु थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर सर्वाधिक आढळणारा त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डोके वर काढतो. तोवर रुग्ण समाधानाने घरी परतलेला असतो आणि शल्यचिकित्सक दुसऱ्या जिल्ह्यात असतात. म्हणून आजच्या लेखात शस्त्रक्रियेइतकाच तिच्या नंतरच्या आठवड्याचा विचार करू.

प्रथम एक दिलासा. थायरॉईड, म्हणजेच अवटु ग्रंथी, ही श्वासनलिकेच्या पुढे बसलेली फुलपाखराच्या आकाराची लहानशी ग्रंथी आहे. वय वाढते तशा तिच्यात गाठी होऊ लागतात. साठीच्या पुढील व्यक्तींची सोनोग्राफी केली, तर जवळजवळ निम्म्या जणांत लहानमोठी गाठ दिसते. अशा शंभर गाठींपैकी साधारण पाच ते पंधरा गाठीच कर्करोगाच्या निघतात. तेव्हा गाठ दिसली म्हणजे कापलीच पाहिजे, असा नियम नाही.

निर्णय तीन पायऱ्यांनी होतो. रक्तातील टी.एस.एच. तपासून ग्रंथीचे काम कमी, जास्त की योग्य चालले आहे ते कळते. सोनोग्राफीत गाठीचे रूप दिसते. संशय असल्यास बारीक सुईने गाठीतील पेशी काढून तपासतात. या सुईच्या तपासणीची आपल्याकडे फार धास्ती आहे. ‘सुई लावली की गाठ पसरते’ असे अनेक घरांत आजही बोलले जाते. थायरॉईडच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. जगभर हीच तपासणी निर्णयाचा पाया मानली जाते आणि तिचा अहवाल सहा ठरावीक गटांत दिला जातो. आपला अहवाल कोणत्या गटात आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. पुढील सल्ला बव्हंशी त्यावरच अवलंबून असतो.

शस्त्रक्रियेची कारणे मोजकी आहेत. गाठ कर्करोगाची असणे किंवा तसा दाट संशय असणे, हे पहिले. गलगंड इतका वाढणे, की श्वास अडतो किंवा घास गिळताना अडखळतो, हे दुसरे. गाठीतून संप्रेरक अतिप्रमाणात स्रवणे, हे तिसरे. मात्र तेथे औषधांचा किंवा किरणोत्सारी आयोडीनचाही पर्याय असतो. याउलट, अगदी लहान, एक सेंटीमीटरच्या आतील आणि कमी धोक्याचा कर्करोग असल्यास काही वृद्धांत केवळ नियमित सोनोग्राफीने लक्ष ठेवणेही योग्य ठरते. जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयात १९९३ पासून अशी पद्धत अवलंबली गेली आणि वृद्ध रुग्णांत अशा गाठी तरुणांपेक्षा कमी वाढतात, असे तेथे दिसून आले. परंतु हा निर्णय तज्ज्ञाचा आहे. वृद्ध व्यक्तीच्या गळ्यातील गाठ काही आठवड्यांतच भराभर वाढू लागली, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर कोणत्याही हंगामाची वाट न पाहता ताबडतोब निघावे.

शस्त्रक्रिया ठरल्यावर डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. ग्रंथीचा अर्धा भाग काढणार की संपूर्ण? हे शल्यचिकित्सक अशा शस्त्रक्रिया नेहमी करतात काय? रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची? आणि आवाजाच्या पट्ट्यांची तपासणी आधी करणार काय? यांतील दुसरा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. पण तो अनादराचा नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात वर्षाला पंचवीसहून अधिक थायरॉईड शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी होते, असे आढळले. हृदयविकार, मधुमेह, दमा यांची आणि मानेच्या मणक्यांच्या दुखण्याची माहितीही भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच द्यावी. कारण या शस्त्रक्रियेत मान मागे कलती ठेवावी लागते. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते काय, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

अनुभवी हातांचे एवढे महत्त्व का, ते ग्रंथीच्या शेजाऱ्यांकडे पाहिले की कळते. तिच्या मागून आवाजाच्या नसा जातात आणि पाठीशी तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटु ग्रंथी चिकटलेल्या असतात. रक्तातील कॅल्शियमचा तोल त्या राखतात. संपूर्ण थायरॉईड काढताना या दाण्यांना धक्का लागला किंवा त्यांचा रक्तपुरवठा मंदावला, तर कॅल्शियम घसरते. बहुतेकांत ही घसरण तात्पुरती असते, परंतु तिची दखल वेळेवर घ्यावी लागते.

पहिला दिवस रुग्णालयातच काढावा. मानेत रक्त साचून श्वास कोंडण्याचा धोका क्वचित उद्भवतो, पण तो प्रामुख्याने पहिल्या चोवीस तासांतच. म्हणून ‘आजच सुटी द्या’ असा आग्रह धरू नये. घरी निघण्यापूर्वी कॅल्शियमची तपासणी झाली काय, कॅल्शियमच्या गोळ्या किती आणि कितीदा घ्यायच्या, अडचण आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्यावे. शिरेवाटे कॅल्शियम देण्याची सोय आपल्या गावाजवळ कोठे आहे, याचीही चौकशी जाण्यापूर्वीच करून ठेवावी.

घरी आल्यावर शुश्रूषा करणाऱ्याने पहिला आठवडा रोज सकाळ-संध्याकाळ दोन प्रश्न विचारावेत. ‘ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येतात काय?’ आणि ‘हातापायांत गोळे येतात काय?’ आपली वडीलधारी माणसे सोसणारी असतात. मुंग्यांना ती अशक्तपणा म्हणतात, गोळ्यांना वात म्हणतात आणि बाम चोळून गप्प बसतात. म्हणून त्यांनी सांगण्याची वाट न पाहता आपण विचारावे. मुंग्या आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. बोटे आखडू लागली, घशात आवळल्यासारखे झाले किंवा झटका आला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मान सुजून घट्ट होणे, श्वासाला घरघर लागणे, ताप येणे किंवा पाणी पिताना वारंवार ठसका लागणे, हीदेखील तातडीने दाखवण्याची लक्षणे होत. आवाज थोडा बसणे अनेकदा तात्पुरते असते. तो काही आठवड्यांत सुधारला नाही, तर तपासणी करून घ्यावी.

पहिला आठवडा सरला म्हणजे काळजी संपली, असेही नाही. वैद्यकाच्या इतिहासाने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी, पूर्वी रक्तस्रावामुळे प्राणघातक ठरणारी ही शस्त्रक्रिया अतिशय सुरक्षित केली. परंतु संपूर्ण ग्रंथी काढलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावले, तेव्हा जखमा उत्तम भरलेली ती माणसे सुजलेली, मंदावलेली आणि थिजलेली दिसली. हे निरीक्षण त्यांनी १८८३ मध्ये जगापुढे मांडले. ग्रंथी शरीरासाठी काय करते, हे तेव्हा ठाऊक नव्हते आणि तिची उणीव भरून काढणारे औषधही नव्हते. कोखर यांना १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज ते औषध पहाटेच्या एका लहान गोळीत सामावले आहे. फक्त ती रोज घेतली गेली पाहिजे.

संपूर्ण ग्रंथी काढल्यास थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर लागते. अर्धी काढल्यास साधारण पाचांपैकी एकाला ती लागू शकते. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहासाठी किमान अर्धा ते एक तास थांबावे. कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. एकत्र घेतल्यास थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही. मात्रा बदलली, की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. ‘बरे वाटते’ म्हणून गोळी सोडू नये आणि ‘थकवा आहे’ म्हणून मनाने वाढवूही नये. वृद्धांत जादा मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात.

काढलेल्या ग्रंथीचा अंतिम पॅथॉलॉजी अहवाल काही दिवसांनी येतो. तो आणण्यास विसरू नये. कर्करोग निघाल्यास काही रुग्णांना पुढे किरणोत्सारी आयोडीन दिले जाते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे मुंबईतील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अशा आण्विक वैद्यकाचे महत्त्वाचे केंद्र आहे. या उपचारानंतर काही दिवस नातवंडे आणि घरातील गर्भवती स्त्री यांच्यापासून आजी-आजोबांनी अंतर राखायचे असते. तसे आधी समजावून सांगितले, म्हणजे त्यांना ते तुटलेपण वाटणार नाही.

वाचकहो, थायरॉईडच्या बहुतेक कर्करोगांत वेळेवर उपचार झाल्यास माणूस पूर्ववत जगतो. त्यातील शल्यचिकित्सकाचा वाटा काही तासांचा असतो. उरलेला वाटा घरचा आहे : पहिल्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ विचारलेले दोन प्रश्न, आणि त्यानंतर रोज पहाटे न चुकता हाती दिलेली ती गोळी.