विश्लेषण : शाळेत डार्विन की सृष्टिनिर्मितीची कथा? शंभर वर्षांचा वाद आज कुठे आहे?

उत्क्रांती शिकवली म्हणून अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका शिक्षकावर खटला चालला, त्याला जुलै २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. या शतकभरात तिथल्या न्यायालयांची भूमिका हळूहळू पक्की होत गेली : सरकारी शाळेत विज्ञानाच्या तासाला बायबलमधील सृष्टिनिर्मिती शिकवता येणार नाही. मात्र २०२२ मधील एका निकालाने या बंदीचा कायदेशीर आधार कमकुवत केला आणि २०२४ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्याने शिक्षकांना मोकळीक देणारा कायदा केला. दुसरीकडे, भारतात ‘दोन्ही शिकवा’ असा आग्रह कोणी फारसा धरला नाही, तरी दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच वगळली गेली. हा वाद नेमका काय आहे आणि तो कुठे निघाला आहे, ते पाहू.

नेमका वाद काय?

सर्व सजीवांचे पूर्वज समान आहेत आणि प्रदीर्घ काळात पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेल्या बदलांतून आजचे जीव घडले, असे उत्क्रांतीचा सिद्धांत सांगतो. हे बदल कसे टिकतात याचे उत्तर चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीच्या कल्पनेतून दिले. पुढे जीवाश्म, आनुवंशिकी आणि डीएनए यांनी त्याला भक्कम पुरावे पुरवले. याउलट सृष्टिनिर्मितीवाद मानतो, की ईश्वराने माणूस आणि इतर जीव थेट निर्माण केले. काहींच्या मते तर अवघ्या दहा हजार वर्षांच्या आत.

गॅलप संस्थेच्या २०२४ मधील पाहणीनुसार, ईश्वराने माणूस आजच्याच रूपात घडवला असे ३७ टक्के अमेरिकी लोक मानतात. आणखी ३४ टक्के लोकांना उत्क्रांती मान्य आहे, पण ती ईश्वराच्या मार्गदर्शनाने झाली असे वाटते. म्हणजे ईश्वर मानणारे सगळेच डार्विनच्या विरोधात नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९६ मध्ये, उत्क्रांती ही आता केवळ एक अटकळ राहिलेली नाही, असे मान्य केले होते.

शब्दांमुळेही गोंधळ होतो. इंग्रजीत ‘थिअरी’ म्हणजे बोलीभाषेत नुसता अंदाज. मराठीत ‘उत्क्रांतिवाद’ म्हटले, की शेवटच्या ‘वाद’मुळे ते एखाद्या पक्षाचे मत वाटते. विज्ञानात मात्र सिद्धांत म्हणजे अनेक पुराव्यांना एकत्र समजावणारी आणि कसोट्यांवर टिकलेली मांडणी.

१९२५ मध्ये काय झाले होते?

माणूस खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे शिकवण्यास टेनेसीने मार्च १९२५ मध्ये बंदी घातली. या कायद्याला आव्हान देण्यासाठी ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’ शिक्षकाच्या शोधात होती. डेटन या छोट्या गावातील जॉन स्कोप्स हा तरुण शिक्षक तयार झाला. गावाचे नाव होईल या आशेने स्थानिक प्रतिष्ठितांनीही त्यात उत्साह दाखवला. स्कोप्सच्या बाजूने नामवंत वकील क्लॅरेन्स डॅरो, तर सरकारच्या बाजूने तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे राहिले. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक कारणावरून ती शिक्षा रद्द केली. कायदा मात्र १९६७ पर्यंत कायम राहिला.

या खटल्यात धर्मवाद्यांचे हसे झाले, अशी समजूत आहे. वर्गात घडले ते वेगळेच. वाद नको म्हणून प्रकाशकांनी पुस्तकांतील उत्क्रांतीचा भाग आटोपता घेतला आणि अनेक वर्षे तो तसाच राहिला. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेला विज्ञान शिक्षणाची काळजी वाटू लागली. त्यानंतर सरकारी पैशातून तयार झालेल्या जीवशास्त्राच्या नव्या पुस्तकांत उत्क्रांती पुन्हा ठळकपणे आली.

‘दोन्ही शिकवा’ ही मागणी कशी आली?

१९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्क्रांती शिकवण्यावरील आर्कान्सा राज्याची बंदी रद्द केली. या प्रकरणात सुसान एपर्सन या शिक्षिकेने दाद मागितली होती. बंदीचा मार्ग बंद झाल्यावर विरोधकांनी बरोबरीचा मुद्दा पुढे केला. लुइझियानाच्या १९८१ च्या कायद्याने ठरवले, की शाळेने उत्क्रांती शिकवली तर ‘सृष्टिनिर्मिती विज्ञान’ही शिकवलेच पाहिजे. मुलांना दोन्ही बाजू कळू द्या, निर्णय त्यांना घेऊ द्या, हा युक्तिवाद ऐकायला रास्त वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी तो फेटाळला. कायद्याचा खरा हेतू एका धार्मिक मताला पुढे करण्याचा आहे, असे न्यायालयाने म्हटले.

मग नवे नाव आले : ‘इंटेलिजंट डिझाइन’. सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे, की तिच्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असा हा दावा. त्यात देवाचे नाव घेतले जात नाही. पेनसिल्व्हेनियातील डोव्हरच्या शाळा मंडळाने २००४ मध्ये नववीच्या मुलांना या कल्पनेची माहिती देणारे निवेदन वाचून दाखवायचे ठरवले. अकरा पालक न्यायालयात गेले. सुनावणीत मंडळाने सुचवलेल्या संदर्भ पुस्तकाचे जुने मसुदे बाहेर आले. १९८७ च्या निकालानंतर त्यातील ‘सृष्टिनिर्मितीवादी’ या शब्दाच्या जागी ‘डिझाइनचे समर्थक’ असा बदल केलेला दिसला. एका ठिकाणी तर घाईत जुना आणि नवा शब्द एकमेकांत अडकून निरर्थक शब्द तयार झाला होता. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी केली होती. त्यांनी डिसेंबर २००५ मध्ये १३९ पानी निकालात स्पष्ट केले, की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही. पालकांच्या वकिलांना सुमारे दहा लाख डॉलर द्यायची वेळ मंडळावर आली.

मग आता प्रश्न पुन्हा का उभा राहिला?

या निकालांना १९७१ च्या एका खटल्यातून आलेल्या ‘लेमन कसोटी’चा मोठा आधार होता. सरकारी कृतीचा हेतू धर्मनिरपेक्ष हवा, तिचा मुख्य परिणाम धर्माला बढावा देणारा किंवा रोखणारा नको आणि सरकारची धर्मात अवाजवी गुंतवणूक नको, अशी ही तीन कलमी कसोटी. जून २०२२ मध्ये, सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका शालेय फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने ६ विरुद्ध ३ असा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी सोडून दिल्याचे सांगितले. आता अशा बाबी देशाच्या ‘ऐतिहासिक प्रथा आणि समज’ यांच्या आधारे तपासल्या जातील.

सृष्टिनिर्मितीवरचे जुने निकाल यामुळे आपोआप रद्द झालेले नाहीत. पण कायद्यामागचा हेतू तपासण्याचे जुने साधन हातातून गेले आहे. नवी कसोटी इथे कशी लावायची हेही सोपे नाही, कारण अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली तेव्हा आजच्यासारख्या सरकारी शाळाच जवळपास नव्हत्या. त्यामुळे काही राज्ये मर्यादा चाचपून पाहत आहेत. लुइझियानाने २०२४ मध्ये प्रत्येक वर्गात ‘दहा आज्ञा’ लावण्याचा कायदा केला आणि तो लगेच न्यायालयात गेला. वेस्ट व्हर्जिनियाच्या आधीच्या विधेयकात इंटेलिजंट डिझाइनचा थेट उल्लेख होता. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात तो नाही. विश्व आणि जीवन कसे निर्माण झाले याबद्दलच्या ‘वैज्ञानिक सिद्धांतांवर’ विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारले, तर उत्तर देण्यापासून शिक्षकाला रोखता येणार नाही, एवढेच त्यात म्हटले आहे. कोणता सिद्धांत वैज्ञानिक, याची व्याख्या कायदा करत नाही.

न्यायालयाला न दिसणारी बाजू कोणती?

काय शिकवू नये हे न्यायालय सांगू शकते. काय नीट शिकवले जाते आहे, हे पाहायला ते वर्गात जाऊन बसू शकत नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या दोन अभ्यासकांनी सरकारी शाळांतील ९२६ जीवशास्त्र शिक्षकांची पाहणी करून २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. सुमारे २८ टक्के शिक्षक उत्क्रांती ठामपणे आणि सातत्याने शिकवत होते, तर १३ टक्के उघडपणे सृष्टिनिर्मितीची बाजू घेत होते. उरलेले सुमारे ६० टक्के वाद टाळत होते. ‘परीक्षेपुरते वाचा, पटलेच पाहिजे असे नाही’ असा त्यांचा सूर होता. २०१९ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा चित्र सुधारलेले दिसले. पण खटले जिंकूनही वर्गात शांतता राहू शकते, हे त्या ६० टक्क्यांनी दाखवून दिले.

भारतात काय घडले?

भारतात डार्विनला विरोध झाला नाही असे नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री आणि मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितलेले नाही, त्यामुळे अभ्यासक्रम बदलावा, असा त्यांचा मुद्दा होता. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून तो खोडला आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी सिंह यांना अशी विधाने टाळायला सांगितले. पुढच्याच वर्षी इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचा दावा केला. डार्विन खोटा आहे म्हणण्यापेक्षा ‘हे तर आमच्याकडे आधीपासूनच होते’ म्हणणे इथे जास्त सोपे जाते.

यांपैकी काहीच पाठ्यपुस्तकात आले नाही. पुस्तकातला बदल वेगळ्याच वाटेने झाला. कोविडकाळात अभ्यासाचा भार कमी करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीने दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातील उत्क्रांतीचा भाग वगळला आणि प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. शाळा पूर्ववत सुरू झाल्यावरही तो परत आला नाही. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुले पत्र लिहून निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय सविस्तर आहेच, असे स्पष्टीकरण देण्यात आले.

अडचण इथेच आहे. विज्ञान सर्वांना सक्तीचे असते ते दहावीपर्यंत. पुढे वाणिज्य, कला, आयटीआय किंवा पदविकेकडे वळणाऱ्या मुलांना, इतकेच काय, गणित घेऊन जीवशास्त्र सोडणाऱ्यांनाही उत्क्रांती पुन्हा भेटत नाही. महाराष्ट्रात मात्र २०१८ मध्ये आलेल्या बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकात पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. जीवाश्म, अवशेषांगे, डार्विनची नैसर्गिक निवड आणि मानवाची उत्क्रांती हे सारे त्यात येते. म्हणजे एकाच गल्लीत राहणाऱ्या, राज्य मंडळाच्या मुलीला जे दहावीत शिकायला मिळते, ते सीबीएसईच्या शाळेतील तिच्या मैत्रिणीला मिळत नाही.

दहावीत उत्क्रांती नसली तर काय बिघडते?

याचे उत्तर विदर्भ-मराठवाड्यातील कापसाच्या शेतात सापडते. बोंडअळीला मारणारे बीटी बियाणे भारतात २००२ मध्ये आले आणि दोन जनुकांचे सुधारित वाण २००६ मध्ये. काही वर्षांतच गुलाबी बोंडअळी त्यालाही जुमानेनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात राज्यातील कापूस उत्पादकांना मोठा फटका बसला. एखादी अळी ‘सवय’ होऊन बदलली, असे झालेले नाही. ज्या थोड्या अळ्यांमध्ये विष पचवण्याची क्षमता होती त्या जगल्या, त्यांचीच पिलावळ वाढली.

हे टाळण्याचा उपायही उत्क्रांतीच्याच हिशेबाने ठरला होता. बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी येत असे. तिच्या ओळी शेताच्या कडेने लावायच्या, म्हणजे विषाला बळी पडणारे पतंगही शिल्लक राहतील, प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावेल. अनेक शेतकऱ्यांनी ती पुडी लावलीच नाही. किडीला मुद्दाम जागा का द्यायची, हे त्यांना कोणी नीट समजावले नव्हते. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नये आणि क्षयाची औषधे मध्येच थांबवू नयेत, या सल्ल्यामागेही असाच हिशेब आहे. हे ज्ञान फक्त डॉक्टर होणाऱ्यांना पुरेसे नाही. ज्याला गोळ्या घ्यायच्या आहेत आणि ज्याला पेरणी करायची आहे, त्यांनाही ते हवे.

मग निर्मितीच्या कथांना शाळेत जागाच नाही का?

आहे. धर्म आणि धर्मग्रंथांचा इतिहास किंवा साहित्य म्हणून अभ्यास करता येतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच नमूद केले होते. भारतीय राज्यघटनेचे कलम २८ पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई करते, तर कलम ५१-अ वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकांचे कर्तव्य मानते. मत्स्य-कूर्म-वराहाच्या कथा भाषेच्या किंवा संस्कृतीच्या तासाला आनंदाने शिकता येतील. विज्ञानाच्या तासाला मात्र पुरावा मागितला जातो आणि तिथे ‘दोन्ही बाजू’ मांडायच्या तर दोन्हींकडे तपासता येईल असा पुरावा हवा.

पुढे काय?

अमेरिकेत नव्या कसोटीवर एखादे प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जाईपर्यंत संदिग्धता राहील. भारतात नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एनसीईआरटीची आणि महाराष्ट्राचीही पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. वर्गात अवैज्ञानिक मजकूर घुसवला गेला, तर निदान त्यावर चर्चा होते, डोव्हरसारखे पालक न्यायालयात जातात. गाळलेल्या पानाविरुद्ध दाद मागणे अवघड असते, कारण जे शिकवलेच नाही ते मुलांना आठवणार तरी कसे? त्यामुळे नवी पुस्तके हातात येतील तेव्हा त्यात काय आले याबरोबरच दहावीत काय उरले, हेही पालकांनी आणि शिक्षकांनी पाहायला हवे.